लायब्ररीला स्वतःचं लायसन्स लावायचं कसं, आणि मी ते कसं चुकीचं लावलं होतं

गेल्या आठवड्यात नांदेडच्या एका पोराचा मेसेज आला, दादा मी पायथनची लायब्ररी लिहिलीय, एमआयटी लायसन्स टाकलंय, फक्त त्यात खाली एक ओळ वाढवलीय की शेतकऱ्याकडून पैसे घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये वापरू नये, चालतंय ना? मी म्हणलं बाबा थांब, अपलोड करू नको, रात्री बोलू. (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये घालायचा तयार कोड, लायसन्स म्हणजे तो कसा वापरायचा याची परवानगी, आणि एमआयटी हे त्यातलं एक छोटं, एकदम मोकळं लायसन्स.) रात्री बोलायला बसलो तर दीड तास गेला फोनवर. म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवायलोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवतो.

आणि हे मला माहितीय ते काय हुशारी म्हणून नाही, ठेच लागून कळलंय.

माझी एक छोटी लायब्ररी आहे, आकड्याचं अक्षरी करून देणारी. ४७,३८५ दिले की "सत्तेचाळीस हजार तीनशे पंच्याऐंशी रुपये फक्त" असं परत देते. अडतीवर शेतकऱ्याला जी पट्टी देतात ना, कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली तोलाई कापून हातात किती, तिच्यावर खाली अक्षरी रक्कम लागते, त्याच्यासाठी लिहिली होती. आपल्याकडं शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याला सुट्टा शब्द, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, जोडून जोडून भागत नाही, त्यामुळं दोन दिवसाचं काम म्हणून घेतलं आणि तीन आठवडे गेले. लातूरच्या एका अडत दुकानाच्या मालकांनी त्याचे पैसे दिले होते. मी त्यांना विचारलं की हे ओपन टाकू का, तर ते म्हणले,

"टाका की इंजिनेर, माझं काय जातंय. पण उद्या शेजारच्या गाळ्यावाल्याला कुणी हेच इकलं ना, मग पैसे मी दिलेले आणि धंदा त्याचा, असं नाही चालायचं."

मी म्हणलं काळजी करू नका शेठ, लायसन्समध्ये टाकतो तसं. आणि टाकलं पण. एमआयटीचा मजकूर कॉपी केला, मधोमध एक वाक्य घुसवलं की पट्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायचं असल तर लेखी परवानगी लागेल, फाइल सेव्ह केली, पब्लिश केलं, चहा प्यायला गेलो.

आठ महिन्यांनी शेठचा फोन. शेजारच्या गाळ्यावर डिट्टो तशीच पट्टी निघायलीय, "रुपये फक्त" सगट. मी त्या सॉफ्टवेअरवाल्याला गाठलं, चांगला माणूस होता, भांडला नाही काही नाही, लॅपटॉप उघडून मला माझंच पॅकेज दाखवलं. पॅकेज.जेसन मध्ये, म्हणजे पॅकेजची माहिती असते त्या फाइलीत, लायसन्सच्या पुढं लिहिलेलं, आयएससी, हे पण एमआयटीसारखंच मोकळं लायसन्स. मी कधी लिहिलं हे? तर एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं वाटायचं टूल, त्याची इनिट कमांड मारताना एंटर एंटर एंटर करत गेलो होतो, तिथं डिफॉल्ट म्हणून आयएससी आपोआप पडलेलं. बरं, माझी ती अट असलेली फाइल कुठाय? पॅकेजमध्ये गेलीच नव्हती. तिचं नाव मी "अटी" असं ठेवलेलं आणि पॅकेजमध्ये जाणाऱ्या फाइल्सच्या यादीत फक्त तयार कोडाचं डिस्ट फोल्डर दिलेलं. म्हणजे जगाला दिसायलं होतं एकदम मोकळं लायसन्स, आणि अट होती फक्त माझ्या लॅपटॉपवर आणि शेठच्या डोक्यात.

आता मुद्द्याचं. कस्टम, म्हणजे आपण स्वतः लिहिलेल्या, मजकुराचं काम तीन गोष्टींवर चालतं: त्याला स्वतःचं नाव पाहिजे, मजकूर अख्खा आणि वेगळ्या फाइलमध्ये पाहिजे, आणि ती फाइल पॅकेजबरोबर समोरच्याच्या मशीनवर पोचली पाहिजे. माझं तिन्हीकडं गंडलं होतं.

आधी बघा, लागतंय का खरंच

दहातल्या आठ जणांना लागत नाही, खरं सांगतो. आपल्याला फक्त वाटत असतं की एक ओळ टाकली की आपलं मन शांत. पण ती एक ओळ काय करते ते बघा. जेसन ही डेटा लिहायची पद्धत ज्यांच्यामुळं जगाला कळली त्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी एमआयटीसारख्या मजकुरात एकच वाक्य वाढवलं होतं, हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. किती साधं वाक्य, घरात म्हातारी माणसं सांगतात तसं. पण चांगलं काय वाईट काय हे ठरवायचं कुणी? लिनक्सवाल्या डेबियननी ते फ्री, म्हणजे मोकळं सॉफ्टवेअर, मानलं नाही, फेडोरानं नाही, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं नाही, आणि २०१६ मध्ये अपाची फाउंडेशननं त्यांच्या प्रोजेक्टात हे लायसन्स असलेला कोड घ्यायला बंदी घातली, मग कितीतरी प्रोजेक्टांना चालू लायब्ररी काढून दुसरी बसवावी लागली. एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी तर वाईटासाठी वापरायची वेगळी परवानगी मागितली होती असं क्रॉकफर्ड स्वतःच सांगायचे, हसू येतं पण वकिलाच्या जागी बसून बघितलं तर त्यांचं काय चुकलं.

दुसरं म्हणजे "अमक्यानं वापरू नये" किंवा "तमक्या धंद्यात वापरू नये" अशी अट आली की ते ओपन सोर्स राहत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येत माणसांत आणि कामाच्या क्षेत्रांत भेदभाव नको हे सरळ दोन कलमं म्हणून लिहिलंय. मग रीडमीत, म्हणजे लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलीत, ओपन सोर्स लिहू नका, सोर्स बघायला मिळतो असं लिहा. लोक त्यावरून लई चिडतात आणि बरोबर चिडतात.

आणि अट खरंच पाहिजे असल तरी तयार काहीतरी आहे का बघा. बिझनेस सोर्स लायसन्स म्हणून एक आहे, मारियाडीबी डेटाबेसवाल्यांनी आणलेलं, हॅशिकॉर्प कंपनीनं २०२३ मध्ये त्यांच्या टेराफॉर्म टूलला लावलं तेच. त्यात वरती भरायच्या रिकाम्या जागा आहेत: लायसन्स देणारा कोण, कशासाठी जास्तीची परवानगी, कुठल्या तारखेला हे आपोआप मोकळं होणार आणि मोकळं झाल्यावर कुठलं लायसन्स. तारीख जास्तीत जास्त चार वर्षांची. म्हणजे तुमची अट तुम्ही त्या रिकाम्या जागेत लिहायची, खालच्या मजकुराला हात लावायचा नाही. फक्त धंद्यासाठी नको एवढंच म्हणायचं असल तर पॉलिफॉर्म नॉनकमर्शियल आहे. ही दोन्ही एसपीडीएक्सच्या, म्हणजे लायसन्सांना ठरलेली ओळखनावं देणाऱ्या, यादीत आहेत, त्यामुळं पुढची अर्धी डोकेदुखी इथंच संपते.

अजून एक, हे लोक विसरतात. लायसन्स देणारे तुम्ही कोण? नोकरीत असताना ऑफिसच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं मालकाचा. बाहेरून काम घेऊन लिहिला असल तर साधारणपणे तुमचा, लेखी करून दिला नसल तोपर्यंत. साधारणपणे म्हणलंय मी, वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काय छापलंय ते एकदा वाचा.

प्रमाणित मजकुरात हात घालायचा नाही

सातबारा जसा असतो ना, त्याचा नमुना ठरलेला, कुणी त्याच्यात पेननं एक ओळ घुसवून आणली तर तलाठी काय म्हणल? बोजा असल तर इतर हक्काच्या रकान्यात येतो, नावाच्या रकान्यात नाही. लायसन्सचं पण तसंच धरा.

मशीन काय करतं बघा. गिटहब ही कोड ठेवायची साइट ज्या टूलनं लायसन्स ओळखते त्याचं नाव लायसन्सी, ते तुमची फाइल आणि मूळ मजकूर ताडून बघतं आणि ९८ टक्के जुळलं तरच नाव लावतं. एमआयटीचा मजकूर पावणेदोनशे शब्दांच्या आसपास, त्यात तुम्ही वीस शब्दांचं वाक्य घातलं की जुळणी खाली येते आणि नावाच्या जागी नुसतं "इतर" दिसतं. हे बरंय एक वेळ. पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या जीपीएल लायसन्ससारख्या हजारो शब्दांच्या मजकुरात तीच ओळ घातली तर ९८ च्या वरच राहायची शक्यता जास्त, म्हणजे साइट ठणकावून सांगणार की हे जीपीएल आहे, आणि तुमची अट आत कुठंतरी पान सातवर बसलेली. समोरचा फसला आणि तुम्ही पण.

जीपीएलचं तर अजून वेगळं. त्या मजकुराच्या वरतीच लिहिलंय की नक्कल जशीच्या तशी वाटा, बदलायची परवानगी नाही. आणि आवृत्ती ३ चं कलम ७ म्हणतं की ठरलेल्या प्रकारांशिवाय वरून कुणी जास्तीचं बंधन लादलं असल तर घेणाऱ्यानं ते काढून टाकलं तरी चालतं. म्हणजे तुम्ही मेहनतीनं लिहिलेली ओळ लायसन्सच स्वतः पुसायला सांगतंय.

मग काय बदललं तर चालतं? एसपीडीएक्सनं जुळणीचे नियम लिहून ठेवलेत, त्यात मोकळ्या जागा, ओळी कुठं तुटल्या, लहान-मोठी अक्षरं, अवतरण चिन्हं सरळ का वाकडी, कॉपीराइटचं चिन्ह का कंसात सी, इंग्लंडचं स्पेलिंग का अमेरिकेचं, कॉपीराइटच्या ओळीतलं नाव आणि वर्ष, असलं सगळं दुर्लक्षित करायचं असतं. तेवढ्यात काय खेळायचं ते खेळा.

स्वतःचं नाव द्या, आणि ते ओळखू येईल असं द्या

एसपीडीएक्स हा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प, २०२१ पासून तो आयएसओ ५९६२ म्हणून आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच झालाय. त्यांच्या यादीत सहाशेच्या वर लायसन्सं आहेत, प्रत्येकाला एक छोटं ओळखनाव. यादीत नसलेल्यासाठी त्यांनी एक दार ठेवलंय: नावाच्या आधी "लायसन्सरेफ" लावायचं, मग आडवी रेघ, मग तुमचं नाव. माझं आता "लायसन्सरेफ-अक्षरी-१.०" असं आहे. इथं मी देवनागरीत लिहायलोय पण फाइलमध्ये रोमन लिपीतच टाईप करायचं, कारण लायसन्सरेफच्या पुढं फक्त रोमन अक्षरं, रोमन आकडे, टिंब आणि आडवी रेघ चालते. स्पेस चालत नाही, अंडरस्कोअर पण चालत नाही, अंडरस्कोअरनं माझा एक तास खाल्ला होता.

नाव ठेवताना "मॉडिफाइड एमआयटी" किंवा "एमआयटी प्लस" असलं नका ठेवू. घाईत वाचणारा एमआयटी एवढंच वाचतो. "कस्टम" पण नको, कारण जगात सगळ्यांनीच कस्टम नाव ठेवलंय, एका प्रोजेक्टात दोन लायब्रऱ्यांचं "लायसन्सरेफ-कस्टम" आलं की कुठलं कुणाचं काय कळणार. आणि शेवटी आवृत्तीचा आकडा पाहिजेच, त्याचं कारण पुढं येतंय.

कुठं काय लिहायचं

इथं प्रत्येक गावचं पाणी वेगळं.

एनपीएममध्ये लायसन्सच्या रकान्यात "सी लायसन्स इन" आणि पुढं फाइलचं नाव, असं लिहायचं, इंग्रजीत, कॅपिटलमध्ये. लायसन्सरेफ थेट टाकलं तर ते वॉर्निंग देतं, त्यामुळं तिथं ही पद्धतच धरा. फाइलचं नाव सरळ लायसन्स ठेवा, कारण त्या नावाची फाइल एनपीएम नेहमी पॅकेजमध्ये घेतं, फाइल्सची यादी काही का असंना. दुसरं नाव ठेवलं तर यादीत स्वतः लिहायला लागतं, नायतर माझ्यासारखं होतं. आणि एक भयानक खड्डा: "अनलायसन्स्ड" आणि "अनलायसन्स". शेवटच्या एका अक्षराचा फरक. पहिल्याचा अर्थ कुणालाच काही परवानगी नाही, दुसरं म्हणजे सगळे हक्क सोडून लोकांना देऊन टाकणारं लायसन्स. जमीन नावावर ठेवणं आणि गावाला दान करणं एवढा फरक, एका अक्षरात!

पायथनचं आता नीट झालंय. पेप ६३९ (पेप म्हणजे पायथनचा सुधारणा प्रस्ताव) आल्यापासून पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रोजेक्टाच्या माहितीच्या फाइलीत लायसन्सच्या पुढं थेट एसपीडीएक्सचं नाव लिहिता येतं आणि तिथं लायसन्सरेफ चालतं, सोबत लायसन्स-फाइल्स म्हणून फाइलींची यादी द्यायची. पॅकेज बांधायचं टूल सेटअपटूल्स ७७ किंवा पुढचं पाहिजे. जुन्या प्रोजेक्टात क्लासिफायरमध्ये, म्हणजे पॅकेजच्या वर्गवारीच्या यादीत, "ओएसआय अप्रूव्ह्ड, एमआयटी लायसन्स" असली ओळ कुणीतरी कधीतरी कॉपी करून टाकलेली असती, ती काढा, दोन्ही ठेवलं तर सेटअपटूल्स एरर देऊन बसतं. नांदेडच्या पोराच्या फाइलीत ती होतीच. कामून टाकली विचारलं तर म्हणला, टेम्प्लेटमध्ये होती.

रस्ट भाषेत लायसन्सच्या ऐवजी लायसन्स-फाइल हा रकाना वापरा, क्रेट्स या त्यांच्या पॅकेजच्या साइटवर टाकायला दोन्हीतलं एक लागतंच. जावाच्या पॉम या माहितीच्या फाइलीत नाव आणि लिंक, लिंक मेन ब्रँचची न देता त्या आवृत्तीच्या टॅगची द्या. गो भाषेत असा रकानाच नाही, फाइल मुळाशी ठेवायची एवढंच, पण तिथली गंमत अशी की त्यांच्या पॅकेजच्या साइटला लायसन्स ओळखू आलं नाही तर ती तुमचं डॉक्युमेंटेशनच दाखवत नाही. कस्टम लायसन्स लावायची ही किंमत तिथं सरळ दिसते.

आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर दोन ओळी: कॉपीराइट कुणाचा आणि एसपीडीएक्स ओळखनाव काय. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपची रियूज म्हणून पद्धत आहे, तिच्यात लायसन्सेस नावाचं फोल्डर करायचं आणि आतल्या फाइलचं नाव ओळखनावासारखंच तंतोतंत ठेवायचं, मागं टीएक्सटी. मग रियूज लिंट मारलं की कुठली फाइल उघडी राहिली ते सांगतं. माझ्या लायब्ररीत त्यानं एक जुनी फाइल पकडली जी मी दुसऱ्याच्या कोडवरून घेतली होती आणि विसरलो होतो.

मजकूर लिहिताना

वकिलाकडून लिहून घेणार असाल तर एक सांगतो. माझा मजकूर कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडं टाईप झाला, इंग्रजी भाग ठीक, पण मराठी भाग जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. वर्डमध्ये सुंदर दिसायचा. एडिटरमध्ये पेस्ट केला तर निव्वळ कचरा, रोमन अक्षरं आणि कंस आणि टक्क्याची चिन्हं. शेवटी रात्री बसून हातानं परत टाईप केला. इंग्रजी भागात पण वर्डनं वाकडी अवतरणं आणि लांब रेघा घातलेल्या असतात, त्या सरळ करून घ्या. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, पायथनच्या पेपनं तर तशी अटच घातलीय, आणि विंडोजवर बीओएम (फाइलीच्या सुरुवातीचं न दिसणारं चिन्ह) लागत नाहीये ना तेवढं बघा. मजकुरात रुपयाचं चिन्ह असल तर तिथं पहिल्यांदा फुटतं.

मराठी प्रत द्यावी का? द्यावी, शेठसारख्या माणसाला वाचता आली पाहिजे की. पण वेगळ्या फाइलमध्ये, आणि दोन्हीत फरक निघाला तर कुठली धरायची हे एका वाक्यात लिहून. एकाच फाइलमध्ये दोन्ही भाषा कोंबल्या की टूल पण गोंधळतं आणि माणूस पण.

आता कायद्यातला एक मुद्दा, हा मला वकीलसाहेबांनी दाखवला आणि माझ्या डोक्यात कधीच आला नसता. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की करून देताना मुदत लिहिली नसल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसल तर फक्त भारत. आणि कलम ३०अ मुळं हे लायसन्सला पण लागू. म्हणजे तुम्ही हौसेनं चार ओळींचं लायसन्स लिहिलं, किती वर्षं आणि कुठं हे लिहिलंच नाही, तर वापरणाऱ्याच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच पडणार. म्हणून कायमचं, जगभर, मोबदला आहे का नाही, हे शब्द घालाच. वॉरंटी नाही आणि नुकसानीला जबाबदार नाही हा परिच्छेद पण सोडू नका, सगळ्या प्रमाणित लायसन्सात तो ओरडत असतो तो उगं नाही. पट्टीवर आकडा चुकला आणि शेतकऱ्याला दोन हजार कमी मिळाले तर पहिला फोन कुणाला येतो?

अट लिहिताना शब्द मोजता येतील असे ठेवा. "वाईट वापर", "मोठी कंपनी", "योग्य श्रेय" असले शब्द नकोत. माझ्या पहिल्या मसुद्यात "बाजारपेठेतील वापर" असं होतं, वकीलसाहेब म्हणले किराणा दुकान बाजारपेठेत येतं का? मग बदलून "कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातील खरेदी-विक्रीची पट्टी छापणारे सॉफ्टवेअर" असं केलं. लांब झालं, पण वाद संपला.

आणि, किंवा

दोन लायसन्सं एकत्र असली की एसपीडीएक्समध्ये "अँड" किंवा "ऑर" लिहितात. एका ओळखीच्यानं लिहिलं होतं, एमआयटी ऑर लायसन्सरेफ-त्याचं. त्याला वाटलं की दोन्ही लागू होतील. ऑर म्हणजे घेणाऱ्यानं आवडेल ते उचलावं. समोर आमरस आणि कारल्याची भाजी ठेवून किंवा म्हणलं तर पाहुणा काय घेईल? त्याची अट पहिल्या दिवसापासून मेलेली होती. दोन्ही पाळायला लावायचं असल तर अँड. "विथ" हा तिसरा शब्द जीपीएलच्या क्लासपाथसारख्या जास्तीच्या सवलतींसाठी आहे, तुमची बंधनं चिकटवायला नाही.

दुसऱ्याची कस्टम लायसन्सवाली लायब्ररी तुमच्यात येत असल तर तिचा मजकूर अख्खा, एक अक्षर न गाळता, थर्ड पार्टी नोटिसेसच्या फाइलमध्ये ठेवा, सारांश करू नका. सायक्लोनडीएक्स पद्धतीचा एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातलंय त्याची यादी, बनवत असाल तर तिथं ओळखनावाच्या जागी नाव आणि पूर्ण मजकूर असं दोन्ही देता येतं.

पोचलं का ते बघा

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं. रेपोमध्ये, म्हणजे कोडाच्या मूळ फोल्डरमध्ये, फाइल आहे याचा काही उपयोग नाही, समोरच्याला रेपो जात नाही, पॅकेज जातं.

एनपीएम पॅक, आणि पुढं ड्राय रन. पब्लिश न करता आत काय काय जाणार त्याची यादी छापतं. त्यात लायसन्सची ओळ डोळ्यानं शोधा, साइज बघा. माझ्या एका मित्राची ० बाइट होती, सिमलिंकचा, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडं बोट दाखवणाऱ्या शॉर्टकटचा, घोळ. पायथनच्या व्हीलचं, म्हणजे इन्स्टॉल करायच्या पॅकेज फाइलीचं, नाव काही असो, ती झिप फाइल असते, उघडा आणि डिस्ट-इन्फोच्या आत लायसन्सेस नावाचं फोल्डर आहे का बघा. एवढं केलं की एक रिकामं फोल्डर घेऊन त्यात ते पॅकेज इन्स्टॉल करा आणि परक्या माणसासारखं बघा की मला अट दिसली का.

ब्राउझरमधला कोड असल तर अजून एक पायरी, कारण मिनिफाय करताना, म्हणजे कोड आवळून छोटा करताना, कॉमेंटा उडतात. कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असल किंवा आत अ‍ॅट-लायसन्स लिहिलं असल तर टर्सर हे मिनिफायचं टूल ती ठेवतं, आणि वेबपॅक हे फाइली एकत्र बांधणारं टूल असल्या कॉमेंटा काढून शेजारी लायसन्स नावाची वेगळी टेक्स्ट फाइल बनवतं. ती फाइल पण सर्व्हरवर चढवायची असती, डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये फक्त जेएस कॉपी करणारे लई बघितलेत.

प्रोग्राममधून लायसन्स दाखवायचं असल तर मजकूर कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून परत चिकटवू नका. इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमधली फाइलच वाचा, पायथनमध्ये इम्पोर्टलिब मेटाडेटा त्यासाठी आहे. दोन जागी मजकूर ठेवला की सहा महिन्यांत दोन वेगळे मजकूर होतात.

बदलायचं असल तर

एकदा बाहेर गेलेला मजकूर बदलायचा नाही. चूक निघाली तर १.१ काढा, नवीन ओळखनाव, नवीन फाइल, आणि लायब्ररीची पण नवीन आवृत्ती. जुनी आवृत्ती ज्यानं जुन्या अटीवर घेतली त्याच्याकडं ती तशीच राहणार. एनपीएमवर तोच आवृत्ती क्रमांक परत टाकता येत नाही, आणि पूर्ण काढून टाकायचं असल तर पहिल्या ७२ तासांत आणि तेही दुसरं कुणी त्यावर अवलंबून नसल तर सोपं, नंतर अवघड.

माझं तसंच झालं. आयएससी म्हणून गेलेल्या आवृत्त्या गेल्या त्या गेल्या, शेजारच्या गाळ्यावर आज पण त्याच चालतात आणि मी त्यांना काही म्हणू शकत नाही. शेठना जाऊन सरळ सांगितलं, चूक माझी आहे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग मुनीमाला चहा सांगितला आणि म्हणले, "मग आता आम्हाला त्याच्याकडं नाही असं काहीतरी करून द्या." नवीन आवृत्तीत रुपयांच्या पुढच्या पैशांचं अक्षरी आणि मोडी न येणाऱ्यांसाठी मोडी आकडे वाचून देणारा भाग टाकला, त्याला "लायसन्सरेफ-अक्षरी-१.०" लावलं, पब्लिश करायच्या आधी ड्राय रनची यादी तीनदा बघितली.

नांदेडच्या पोरानं मात्र हे सगळं ऐकून ती ओळ काढून टाकली. एमआयटी जसंच्या तसं ठेवलं, क्लासिफायर काढला, आणि शेतकऱ्याकडून पैसे घेऊ नका हे रीडमीत विनंती म्हणून लिहिलं, कायदा म्हणून नाही. काल रात्री त्यानं व्हील उघडून लायसन्सेस फोल्डरचा फोटो पाठवला, आत एक फाइल, एक केबीच्या जरा वर.